आयुष्यभरासाठी ‘होय’ म्हणता येते का?



ऑक्टोबर महिन्यातील शेवटून दुसरा रविवार आपण मिशन रविवार म्हणून पाळतो. पोप अकरावे पायस यांनी १९२६ साली हा दिवस ठरवून दिला. त्या दिवशी चर्चमध्ये वेगळे पाकीट फिरते, विश्वासूंच्या प्रार्थनेत मिशनरींचे नाव घेतले जाते आणि आपण यथाशक्ती दान देतो. आपला धर्मग्राम या बाबतीत कधीच हात आखडता घेत नाही, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो.

परंतु समजा, त्या पाकिटात पैशाऐवजी आपल्या घरातील एक माणूस घालायचा आहे. दोन आठवड्यांच्या सहलीसाठी नव्हे, दोन वर्षांच्या अनुभवासाठीही नव्हे, तर जन्मभरासाठी. मुलगा किंवा मुलगी म्हणाली, ‘आई, मी परदेशात मिशनकार्यासाठी जाते आहे. तिकडची भाषा शिकेन, तिकडच्या लोकांत राहीन आणि बहुधा तिकडच्याच मातीत जाईन.’ मग आपण काय म्हणू? या लेखात आम्हाला या एकाच प्रश्नाचा विचार तुमच्याबरोबर करायचा आहे. एखाद्या माणसाने आपले सारे आयुष्य परक्या देशातील सेवेला बांधून घेणे शहाणपणाचे आहे काय? न्यायाचे आहे काय?

मुले परदेशी जाण्याचे आपल्याला नवल राहिलेले नाही. पुण्यात आता गल्लीगल्लीत असे घर आहे, ज्यातील कोणी दुबईला, कोणी टोरांटोला, कोणी सिडनीला असते. मुलाला तिकडे कायमचे राहण्याचा परवाना मिळाला की आपण पेढे वाटतो. तो दोन-तीन वर्षांतून एकदा येतो, नातवंडांना मराठी नीट बोलता येत नाही, आजी-आजोबा फोनच्या पडद्यावर त्यांचे वाढदिवस पाहतात. हे सारे आपण मनाला दुखत असले तरी स्वीकारले आहे. म्हणजे दूर जाणे हा आपला खरा अडथळा नाही. पगार, घर आणि प्रगती यांसाठी दूर जाणे आपल्याला कळते. यांपैकी काहीही पदरात पडणार नसताना, ज्यांच्याशी काही नाते नाही अशा लोकांसाठी कायमचे जाणे आपल्याला कळत नाही. या विषयाचा विचार इथूनच सुरू व्हायला हवा.

आपल्यासाठी कोणी तरी आले होते

आपण देणारे होण्यापूर्वी घेणारे होतो. पुण्यातील पहिले कॅथलिक चर्च, क्वार्टर गेटजवळचे सिटी चर्च, सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर १७९२ साली उभे राहिले. पुढे १८८६ साली पुणे धर्मप्रांत स्थापन झाला आणि जर्मन जेजुइट धर्मगुरू येथे व नगर जिल्ह्यात काम करीत होते. त्यांपैकीच एक फादर हेन्री डोरिंग. १९०३ साली नगर जिल्ह्यातील केंदळ या खेड्यातून त्यांनी ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केले. आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबांनी वाचनाची गोडी त्या मासिकातून लावून घेतली. त्याने शंभरी ओलांडली, पण एका जर्मन माणसाने ते खेड्यात बसून मराठीत सुरू केले ही गोष्ट आपण विसरून जातो.

त्याच्याही तीनशे वर्षे आधी फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेजुइट १५७९ साली गोव्याला आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ प्रथम छापून निघाले १६१६ साली. मधली सदतीस वर्षे मोजून पाहा. सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी पुराण लिहिणारा हा माणूस मराठी मुलखात जन्मलेला नव्हता. बाजारात, शेतात, आजाऱ्याच्या उशाशी आणि मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात बसून त्याने ही भाषा मिळवली. दोन वर्षांसाठी येणाऱ्याला दुभाष्याकरवी बोलावे लागते. भाषेत ओवी रचायची तर माणसाला तिच्यात म्हातारे व्हावे लागते. १६१९ साली गोव्यातच त्यांचे देहावसान झाले. मायदेशी ते पुन्हा कधीही गेले नाहीत.

आणि आपल्या काळातले नाव घ्यायचे तर फादर हर्मन बाखर. १९२४ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला हा तरुण जेजुइट १९४८ साली भारतात आला. नगर जिल्ह्यातील दुष्काळी गावांत त्यांनी लोकांबरोबर पाणी अडवण्याचे, माती धरून ठेवण्याचे काम केले. इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची मुहूर्तमेढ त्यांच्या प्रयत्नांतून रोवली गेली. २०२१ साली त्यांचे निधन झाले. पाणलोटाचे काम काय असते ते शेतकऱ्यांना विचारा. आज बांध घातला आणि उद्या विहिरीला पाणी आले असे होत नाही. माथ्यापासून पायथ्यापर्यंत सारे गाव एकत्र यावे लागते, चराई बंद ठेवावी लागते, झाडे लावून ती जगवावी लागतात. लोकांचा विश्वास बसायलाच काही वर्षे जातात. जो परत जाण्याचे तिकीट खिशात ठेवून आला आहे, त्याच्यावर गाव असा विश्वास टाकत नाही.

तेव्हा पहिली गोष्ट अशी की, काही चांगली कामे थोड्या दिवसांत होतात आणि काही होतच नाहीत. पूर आला, भूकंप झाला तर महिनाभराची मदत अमोल असते. पण माणसांचा विश्वास, भाषा, शिक्षण, श्रद्धा या गोष्टी झाडासारख्या वाढतात. त्यांच्यासाठी कोणाला तरी थांबावे लागते.

पहिली शंका: उद्याचा मी कोण असेन, हे आज कसे सांगू?

हे मान्य केले तरी एक खोल शंका उरते आणि ती आजच्या तरुणांच्या मनात विशेष आहे. ‘आज मला ओढ आहे हे खरे. पण वीस वर्षांनी ती राहील कशावरून? मग आजच्या भावनेवर उद्याच्या माणसाला बांधून टाकणे हा अप्रामाणिकपणा नव्हे काय?’

फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञ गाब्रिएल मार्सेल यांनी या प्रश्नावर फार चिंतन केले. त्यांनी दिलेले उदाहरण साधे आहे. आपण एका आजारी मित्राला वचन देतो की पुन्हा भेटायला येईन. वचन देताना मन कळवळलेले असते. काही दिवसांनी तो कळवळा ओसरतो. आता जायचे ते केवळ शब्द दिला म्हणून. मग हे जाणे ढोंग आहे काय? मार्सेल सांगतात की, वचन भावनेचे असते असे मानले तर कोणतेच वचन खरे ठरणार नाही, कारण भावना आपल्या हाती नाही. वचन दिलेले असते त्या माणसाला. म्हणून निष्ठा ही जुन्या भावनेला मीठ घालून मुरवत ठेवणे नव्हे. ती रोज नव्याने घडवावी लागते.

विवाहित बंधु-भगिनींना हे आम्ही समजावून सांगण्याची गरज नाही. वेदीसमोर तुम्ही एकमेकांचा हात धरलात, तेव्हा वीस वर्षांनंतरचा जोडीदार कसा असेल, आजार येईल की नोकरी जाईल, हे तुम्हाला ठाऊक नव्हते. तरी तुम्ही शब्द दिला आणि त्या शब्दानेच तुम्हाला आजचे तुम्ही घडवले. उद्याचा मी कोण असेन हे नुसते भाकीत करून कळत नाही. ते काही अंशी आज मी कोणाला शब्द देतो यावर ठरते.

संत थॉमस अक्वायनस यांनी व्रताचा विचार करताना संत अन्सेल्म यांचा एक दृष्टान्त घेतला आहे. एकजण झाडाची फळे देतो, दुसरा फळांसकट झाडच देऊन टाकतो. अधिक कोणी दिले? फळे देणारा दरवर्षी विचार करू शकतो की यंदा द्यावीत की नाही. झाड देणाऱ्याने पुढच्या साऱ्या हंगामांवरचा हक्क सोडला आहे. जन्मभराच्या मिशनकार्याचे वेगळेपण हेच आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९० सालच्या मिशनविषयक परिपत्रकात थोड्या काळासाठी जाणाऱ्या प्रापंचिकांचे कौतुक केले, परंतु आजन्म मिशनरीचे पाचारण कालबाह्य झालेले नाही हेही स्पष्ट सांगितले.

अर्थात झाड देण्यापूर्वी ते खरोखरच आपले आहे काय, त्याला मूळ धरले आहे काय, हे पाहावे लागते. म्हणूनच ख्रिस्तसभा कोणाही तरुणाकडून पहिल्याच दिवशी आयुष्य मागत नाही. धर्मसभेच्या कायद्यानुसार किमान एक वर्षाचा नवदीक्षितांचा काळ असतो. त्यानंतर साधारण तीन ते सहा वर्षांची तात्पुरती व्रते असतात आणि मगच कायमच्या व्रतांचा विचार होतो. या काळात ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक असते आणि ते ‘नाही’ अपमानाचे नसते. उमाळ्यात दिलेले वचन आणि पारखून दिलेले वचन यांत भेद आहे. प्रभू येशूनेही बुरूज बांधणाऱ्याला आधी बसून खर्चाचा हिशेब करायला सांगितले आहे (लूक १४:२८).

दुसरी शंका: आई-वडिलांचे काय?

काही महिन्यांपूर्वी आपल्याच धर्मग्रामातील एका आईने आम्हाला मिस्सानंतर थांबवून विचारले, “फादर, देवाला माझीच पोर हवी होती का? आमचं म्हातारपण कोण बघणार?” आम्ही तिला तिथल्या तिथे उत्तर दिले नाही. हा प्रश्न अश्रद्धेचा नाही. तो चौथ्या आज्ञेतून आलेला आहे आणि आज्ञा देवाचीच आहे.

येथे पवित्र शास्त्राची दोन्ही टोके एकत्र धरली पाहिजेत. एकीकडे प्रभू म्हणतो की, नांगराला हात घालून मागे पाहणारा देवराज्याला उपयोगी नाही (लूक ९:६२). दुसरीकडे हाच प्रभू परूश्यांवर कडाडून टीका करतो, कारण ते ‘कुर्बान’ म्हणून, म्हणजे हे देवाला वाहिले आहे असे सांगून, आई-वडिलांना द्यायची मदत नाकारत होते (मार्क ७:९-१३). देवाचे नाव पुढे करून आई-वडिलांना उपाशी ठेवणे ही प्रभूच्या दृष्टीने भक्ती नाही, पळवाट आहे.

संत थॉमस यांनी यावरून अगदी व्यवहारी निवाडा दिला. आई-वडील अशा अडचणीत असतील की त्या मुलाखेरीज त्यांना दुसरा आधारच नाही, तर त्यांना सोडून व्रतस्थ जीवनात जाणे योग्य नाही. पण त्यांची सोय दुसऱ्या मार्गाने नीट होत असेल, तर मुलगा मोकळा आहे. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हा निवाडा आजही लागू पडतो. म्हणून मिशनकार्याला निघालेल्या तरुणाला आम्ही आधी घरचे विचारतो. भावंडे किती? वडिलांचे पेन्शन आहे काय? आईला मधुमेह आहे, तिला दवाखान्यात कोण नेईल? हे प्रश्न पाचारणाला कमी लेखण्यासाठी नाहीत. पाचारण खरे असेल तर ते या प्रश्नांना घाबरणार नाही.

खुद्द प्रभूकडे पाहा. त्याने नासरेथचे घर सोडले, परंतु क्रूसावरील शेवटच्या घटकांत आपल्या आईला योहानाच्या हाती सोपवले (योहान १९:२६-२७). पित्याचे कार्य आणि आईची काळजी यांत त्याने एकाला सोडून दुसरे निवडले नाही. आणि योहानाने तिला आपल्या घरी नेले, हेही लक्षात ठेवू या. कारण या शंकेचे अर्धे उत्तर जाणाऱ्याकडे नसून मागे राहणाऱ्या योहानाकडे आहे. त्याकडे आम्ही शेवटी येऊ.

तिसरी शंका: इथे का काम कमी आहे?

‘आपल्याच देशात, आपल्याच शहरात इतकी गरज असताना बाहेर कशाला?’ हा प्रश्नही रास्त आहे. वस्त्यांमध्ये मुले शाळेबाहेर आहेत, एकाकी वृद्ध आहेत, धर्मगुरूंची संख्या अपुरी आहे. जवळच्याची सेवा टाळण्यासाठी दूरची सेवा निवडणे चुकीचेच आहे.

परंतु आपले सारे संपल्यावरच बाहेर द्यायचे, असा नियम केला तर कोणीच कधी देणार नाही, कारण आपले कधी संपत नाही. प्रेषितांची कृत्ये वाचा. अंत्युखियातील मंडळी नवी होती. तरी त्यांनी आपल्यातील उत्तम माणसे, बर्णबा आणि पौल, प्रार्थना करून दूर पाठवली (१३:१-३). उरलेसुरले त्यांनी पाठवले नाही.

आपल्या शेजारच्या गोव्याचे उदाहरण याहून बोलके आहे. १६५१ साली बाणावली येथे जन्मलेले संत जोसेफ वाझ १६८७ साली सिलोनला म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेले. डच सत्तेने तेथे कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती, लोक वर्षानुवर्षे मिस्साविना राहिले होते. वाझ गरीब मजुराच्या वेषात उतरले. कँडीच्या राज्यात पोर्तुगिजांचा हेर समजून त्यांना तुरुंगात टाकण्यात आले. पुढे १६९७ साली देवीची साथ आली, लोक आजाऱ्यांना टाकून पळू लागले, तेव्हा या माणसाने जात-धर्म न पाहता त्यांची शुश्रूषा केली. १६ जानेवारी १७११ रोजी त्यांनी कँडी येथेच देह ठेवला. चोवीस वर्षांत ते गोव्याला परतले नाहीत. पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे त्यांना संतपद दिले.

गोव्यात त्या वेळी काम नव्हते असे नाही. आणि देवाचा हिशेब कसा असतो पाहा. ज्या कँडीला गोव्याने आपला माणूस दिला, त्याच कँडीत पोप तेरावे लिओ यांच्या इच्छेनुसार १८९३ साली पेपल सेमिनरी सुरू झाली, या भूमीचे धर्मगुरू या भूमीतूनच घडावेत म्हणून. १९५५ साली ती सेमिनरी पुण्यात, नगर रस्त्यावर आली. आज वेदीवर उभे राहणारे किती तरी धर्मगुरू तेथे घडले आहेत. दिलेले कोणत्या वाटेने परत येईल, हे देणाऱ्याला दिसत नाही.

चौथी शंका: त्यांनी कुठे बोलावले आहे?

सर्वांत कठीण शंका ही आहे आणि ती टाळून चालणार नाही. आपण दुसऱ्याच्या देशात जाऊन त्याला शिकवणारे कोण? इतिहासात कधी कधी क्रूस आणि तलवार एकाच जहाजातून उतरले, हे सत्य आहे.

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचे चरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. १५५७ च्या सुमारास वसईत त्यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इथली. किशोरवयात ते जेजुइटांबरोबर जपानला गेले, तिथली भाषा उत्तम शिकले आणि धर्मशिक्षक म्हणून राबले. जेजुइट संघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा मात्र पुरी झाली नाही. मग ते व्यापारात पडले, व्यापार चांगला चालला. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले आणि १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर दुभाषे म्हणून पुन्हा जपानला गेले. पहिल्या उमाळ्यात गेलेला मुलगा नकार पचवून, पैसा पाहून, प्रौढपणी स्वतःहून परत गेला. पारखून दिलेले वचन म्हणतात ते हेच.

१५९६ साली ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले. आधी मिशनरी येतात आणि मागून सैन्य येते, अशी बढाई त्या जहाजावरील एकाने मारल्याचे सांगितले जाते. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याचा संशय पेटला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांना क्रूसावर चढवण्यात आले. गोन्सालो त्यांपैकी एक. सत्तेचा संशय निरपराध सेवकांच्या अंगावर आला. ८ जून १८६२ रोजी या सर्वांना संतपद मिळाले.

यातून दोन बोध घ्यायचे. पहिला असा की, मिशनरीने सत्ता, पैसा आणि दबाव यांपासून दूर राहिले पाहिजे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात हे निःसंदिग्ध केले की, श्रद्धा कोणावर लादता येत नाही. ज्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक नाही, त्याचे ‘होय’ देवालाही नको आहे. दुसरा बोध असा की, या शंकेचे खरे उत्तर शब्दांनी नव्हे, काळाने मिळते. थोडे दिवस येणारा आपले सांगून जातो. वर्षानुवर्षे राहणाऱ्याला ऐकावे लागते. त्याला तिथले पाणी, तिथली महागाई, तिथली साथ आणि तिथले सरकार सोसावे लागते. तो चुकला तर शेजारी त्याला सांगू शकतात, कारण उद्याही तो तिथेच असणार असतो. आयुष्य देणारा माणूस स्वतःला त्या लोकांच्या हाती सोपवतो. परमेश्वर मानव झाला तो असाच. पाहुणा म्हणून नव्हे, तर आपल्यातलाच एक म्हणून तो राहिला, तीस वर्षे तर कोणाच्या नजरेतही न भरता.

आणि फळ? ते आपल्या डोळ्यांदेखत येईलच असे नाही. जपानमध्ये छळ वाढत गेला, धर्मगुरू उरले नाहीत. पण १८६५ साली नागासाकी येथील ओउरा चर्चमध्ये, जे या सव्वीस हुतात्म्यांच्याच नावे बांधले होते, काही गावकरी आले आणि त्यांनी तेथील फ्रेंच धर्मगुरूला हळूच सांगितले की आमचीही श्रद्धा तुमच्यासारखीच आहे. दोनशेहून अधिक वर्षे धर्मगुरूविना त्यांनी ती गुपचूप जपली होती. गोन्सालो यांना हे कधीच दिसले नाही.

जे परत येतात, त्यांच्याविषयी

येथे एक सावधगिरीचा शब्द. जन्मभराचे वचन म्हणजे जन्मभर एकाच जागी राहणे, असा अर्थ करू नये. फादर डोरिंग यांचेच पाहा. १९०७ साली ते पुण्याचे बिशप झाले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने जर्मन मिशनरींना स्थानबद्ध केले आणि बहुतेकांना मायदेशी पाठवून दिले. पुण्याची दारे बंद झाली. १९२१ साली, साठी ओलांडलेली असताना, त्यांना जपानमधील हिरोशिमा येथे नेमण्यात आले. नवा देश, नवी भाषा. आणि १९२७ साली ते पुन्हा पुण्याचे बिशप म्हणून परतले. त्यांचे वचन एका नकाशाला दिलेले नव्हते, ज्याने पाठवले त्याला दिलेले होते.

म्हणून आजारपणामुळे, सरकारने परवाना नाकारल्यामुळे किंवा वरिष्ठांच्या आज्ञेने कोणी परतले, तर त्याच्याकडे हरलेल्या माणसासारखे पाहू नका. पारखण्याच्या काळात ‘हे माझे पाचारण नाही’ असे ओळखून घरी आलेल्या मुलीला ‘का परत आलीस?’ असे अंगणात उभे करून विचारू नका. तिने प्रामाणिकपणे आयुष्याचा शोध घेतला आहे.

मग आपण काय करायचे?

आयुष्यभरासाठी ‘होय’ म्हणता येते, असे आमचे उत्तर आहे. माणूस उद्याचे जाणतो म्हणून नव्हे, तर उद्याच्या धन्यावर विश्वास ठेवू शकतो म्हणून. मात्र ते ‘होय’ मोकळ्या मनाचे, पारखलेले, घरच्यांना न फसवणारे आणि ज्यांच्याकडे जायचे त्यांचा मान राखणारे हवे. प्रत्येकाला हे पाचारण नाही. लिझ्यूची संत तेरेजा मठाबाहेर गेली नाही, तरी १९२७ साली पोपनी तिला संत फ्रान्सिस झेवियर यांच्याबरोबर मिशनकार्याची आश्रयदाती म्हणून घोषित केले. जाणे हे काहींचे काम आहे, पाठवणे हे सर्वांचे.

पाठवणे म्हणजे काय, ते आम्ही तीन गोष्टींत सांगतो.

एक. घरात हा विषय निघाला तर मुलाची थट्टा करू नका आणि त्याला रागे भरू नका. त्याला आमच्याकडे किंवा एखाद्या जाणत्या धर्मभगिनीकडे पाठवा. प्रश्न विचारा, वेळ घ्या, पण दार लावून घेऊ नका.

दोन. ज्या तरुणांना वर्ष-दोन वर्षे द्यावीशी वाटतात, त्यांनी ती जरूर द्यावीत. लहान वचन प्रामाणिकपणे पाळणारालाच मोठे वचन समजते. परंतु त्या काळात शिकवण्यापेक्षा शिकण्याची तयारी ठेवावी.

तीन, आणि हे आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ज्या घरातून कोणी गेले आहे, त्या घरचे योहान आपण व्हायचे. मिशन रविवारी पाकीट भरून आपले कर्तव्य संपत नाही. त्या आई-वडिलांना दवाखान्यात नेणे, बँकेच्या कामाला सोबत करणे, नाताळच्या रात्री त्यांना एकटे न ठेवणे, आणि वेळ आली तर त्यांच्या अंत्यसंस्काराला मुलगा पोहोचू शकला नाही तरी खांदा कमी न पडू देणे. लहान ख्रिस्ती समूहांनी आपापल्या भागातील अशी घरे कोणती हे पाहून ठेवावे आणि पाळीपाळीने जावे, अशी आमची विनंती आहे. मिस्सानंतर आम्हाला थांबवणाऱ्या त्या आईला उत्तर द्यायचे आहे. ‘आमचं म्हातारपण कोण बघणार?’ या प्रश्नाला एकटा धर्मगुरू उत्तर देऊ शकत नाही. ‘आम्ही बघू’ असे सारा धर्मग्राम म्हणाला आणि तसा वागला, तरच तिच्या लेकीचे ‘होय’ मोकळे होईल.

ज्या प्रभूने आपल्यासाठी दूरवरून माणसे आणली, तो आपल्यातूनही माणसे बोलावो, आणि त्यांना पाठवण्याचे बळ आपणा सर्वांना देवो. आमेन.

आपले धर्मगुरू